निळा ‘सुमन’ पंप

पुणे, मंगळवार, संध्याकाळ

आफ्रिकेतलं नकली पंपांचं गोदाम अखेर सील झालं. दिल्लीतल्या अधिकाऱ्याने फोनवर दुजोरा दिला. आपल्या वकिलातीने तिथल्या पोलिसांचा पिच्छा पुरवला होता. बातमी पाठवली, पण मन तिकडेच. शेजारच्या अनंतरावांनी बायकोच्या नावाने काढलेला निळा ‘सुमन’ पंप तिथे कुणीतरी हुबेहूब बनवत होतं. तो नकली पंप महिन्याभरात जळतो आणि अनंतरावांच्या ऑर्डरी तुटतात. “शिव्या मात्र मला!” इति सुमनवहिनी. मला सारखी दिसते ती लाल माती, निळा पंप आणि पाणी आलं की वहिनींचं नाव घेणारी अनोळखी माणसं. घेत असतील का? पुढच्या महिन्यात खरा पंप ओळखायला अनंतराव तिथल्या कोर्टात जाणार. वहिनींनीही बॅग काढलीय. “अहो, खरी सुमन कोण, तेही बघू दे त्यांना.”