तिसरा रकाना

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, आज सकाळी चहा घेऊन आणि चष्मा पुसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाला शंका असल्यास साक्षीदारांना विचारावे. शिंपीबुवांनी मला आत्ताच सतराचा पाढा म्हणायला लावला. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला घरात कोणी उरलेलेच नाही. डॉक्टरीणबाईंनी उन्हाळा संपेपर्यंतची मुदत दिली आहे, म्हणून ही घाई. पूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात खोटे काही नव्हते, पण जे लिहायला हवे होते तेही नव्हते.

१. राहत्या घराच्या दोन्ही खोल्या, आतील सामान आणि बँकेत असेल ती शिल्लक माझ्या मुलीला द्यावी. मागच्या खोलीची खिडकी उचलून धरल्याशिवाय लागत नाही, हे जावईबापूंना सांगावे. ते जोर लावतात.

२. कारखान्यातील कागद कापण्याचे यंत्र, दाभणे, शिलाईची चौकट आणि पुस्तके दाबण्याचा लोखंडी शिकंजा माझ्या धाकट्या भावाला द्यावा. शिकंजा तसाही त्याचाच आहे. तो सोडून गेला तेव्हा फक्त कात्री घेऊन गेला, कारण शिकंजा एकट्याला उचलवत नाही. मी हात लावला नाही.

३. प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजवणाऱ्या गृहस्थांनी माझ्या अंत्यविधीला दोनच कडवी वाजवावीत. ते शेवटची ओळ इतकी ओढतात की लोकांचे पाय दुखायला लागतात. चाळीस वर्षे सहन केले, आता मेल्यावर तरी सुटका व्हावी.

४. माझी बायबलवाचनाची पद्धत. प्रार्थनामंदिरातली मंडळी मला 'रकानेकाका' म्हणते ती हिच्यामुळेच. पद्धत छापलेली कार्डे मी स्वतः कापून घरोघर वाटली आहेत. ज्यांनी हरवली त्यांच्यासाठी इथे पुन्हा देतो. रोज एकाच जागी बसावे. दहा-बारा ओळींचा उतारा घ्यावा, जास्त नाही. तीनदा वाचावा, तिसऱ्यांदा मोठ्याने. मग वहीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात काय लिहिले आहे ते. दुसऱ्यात ते आपल्याला कुठे लागते ते. तिसऱ्यात आज काय करणार ते. तिसऱ्या रकान्यात 'सर्वांवर प्रेम करीन' असले गुळमुळीत लिहू नये, कोणाच्या दारात जाणार ते लिहावे. काम झाले की समोर पेन्सिलीने खूण करावी. खूण झाल्याशिवाय पुढचा उतारा उघडायचा नाही.

हा शेवटचा नियम माझ्या डोक्यातून निघाला. पद्धत देताना मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

५. आता जे सांगण्यासाठी हा कागद घेतला ते.

बावीस वर्षांपूर्वी मंडळीची तीनशे गीतपुस्तके आमच्या कारखान्यात बांधली. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांचे असते. फर्मे ओळीने उचलून एकावर एक ठेवायचे, याला जुळणी म्हणतात. पहिल्याच रविवारी सगळे गायला उभे राहिले, आणि चौसष्टाव्या पानानंतर एकदम एक्याऐंशीवे आले. ज्यांना गीत पाठ नव्हते ते निम्मे मंदिर गप्प झाले. तेव्हाचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, मोठे कडक होते. त्यांनी तिथल्या तिथे विचारले, हे कोणी केले? मी उठून सांगितले, "जुळणी धाकट्याने केली. त्याचं कामात लक्ष नसतं."

जुळणी मी केली होती. पाचव्या फर्म्याची चळत माझ्याच टेबलाखाली पडून होती. त्या क्षणी मला हे ठाऊक नव्हते, असे लिहायला आवडले असते. पण शेवटचा गठ्ठा बांधतानाच मला ती दिसली होती आणि मी पायाने आत सरकवली होती.

धाकटा चौथ्या रांगेत होता. त्याने माझ्याकडे पाहिले, पुस्तक बाकावर ठेवले आणि मान खाली घालून बाहेर पडला. पुढचे आठ दिवस तो नेहमीसारखा कामावर आला. मी काही बोलेन म्हणून तो वाट पाहत होता. नवव्या दिवशी तो कात्री घेऊन गेला.

त्यानंतर महिनाभरात माझ्या वाचनात तो उतारा आला. देवाला काही वाहायला आला असशील तर ते तसेच ठेव आणि आधी भावाकडे जा, अशा अर्थाचा. तिसऱ्या रकान्यात मी लिहिले: धाकट्याकडे जाणे. मंडळीसमोर खरे सांगणे. खूण झाली नाही, म्हणून पुढे गेलो नाही. बावीस वर्षे मी रोज सकाळी तेवढ्याच ओळी वाचल्या आहेत. माझ्याकडून कार्ड नेलेल्यांची सबंध बायबले वाचून झाली, काहींची दोनदा.

हे फक्त माझ्या बायकोने ओळखले. नव्या बायबलाची पाने कडेच्या सोनेरी मुलाम्याने एकमेकांना चिकटलेली असतात, उलटली की सुटतात. एकदा धूळ पुसताना ती म्हणाली, "इथून पुढची पानं अजून चिकटलेली आहेत. किती दिवस बसणार आहात तिथंच?" मी तिला स्वयंपाकघर बघायला सांगितले. तिला जाऊनही आता सहा वर्षे झाली.

डॉक्टरीणबाईंनी मुदत सांगितल्यावर, मागच्या महिन्यात, मी धाकट्याकडे गेलो. तो बॅगा दुरुस्त करतो. टाका अजूनही माझ्यापेक्षा सरळ घालतो. त्याने मला स्टूल दिले, पाणी दिले. मी म्हणालो, जुळणी माझी होती. तो दोऱ्याला मेण लावत राहिला. "माहीत होतं, दादा. तेव्हाच."

मी माफी मागितली. तो उठला आणि फळीवरून एक जुनी वही काढली. तीन रकाने, खुणेला माझे कार्ड. तिसऱ्या रकान्यात लिहिले होते, दादाला माफ करणे. समोर खूण. तारीख त्याच वर्षाची.

"चार महिने रोज तोच उतारा वाचला," तो म्हणाला. "मग झालं एकदाचं. पुढं गेलो. आता मला परत तिथं नेऊ नकोस."

मी म्हणालो, एका रविवारी ये, सगळ्यांसमोर सांगतो. त्याने विचारले, "कुणासमोर? मला बाहेर पडताना ज्यांनी पाहिलं, त्यातले किती उरलेत?" त्याने मला कोपराला धरून बसथांब्यावर आणले आणि बस येईपर्यंत थांबला. पुन्हा ये म्हणाला नाही.

पुढच्या रविवारी मी मंदिरात मोजले. त्या वेळचे अकराजण होते, दोघांना ऐकू येत नाही. गीत संपले तेव्हा मी उभाच होतो, नुसते तोंड उघडायचे होते. सगळ्यांबरोबर मीही बसलो.

६. सध्याचे पाळक वयाने लहान आणि स्वभावाने सरळ आहेत. त्यांना मी या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमतो. माझ्या अंत्यविधीला त्यांनी पाचवे कलम मोठ्याने वाचावे. हा भित्र्याचा मार्ग आहे, मला कळते. मेलेल्या माणसाला उठून उभे राहावे लागत नाही. धाकट्याला निरोप द्यावा, आग्रह करू नये. तो येणार नाही.

७. माझे बायबल मंदिरात काचेच्या कपाटात ठेवावे, असे पंचमंडळींनी ठरवले आहे. आयुष्यभर वाचलेले बायबल म्हणून. तसे करू नये. मुलीनेही सासरी माझ्या वाचनाचे कौतुक सांगणे आता थांबवावे. बाळ, तुला हे असे कळावे याचे मला फार वाईट वाटते. बायबल आणि शेवटची वही माझ्याबरोबर पुरावी. पेटीत ठेवण्यापूर्वी पाळकांनी वही उघडून पाहिली तरी चालेल. पेन्सिल टोक करून त्याच पानात ठेवली आहे, ती मी रोजच ठेवतो. पाचवे कलम वाचून झाल्यावर कोणाला दया येऊन वाटेल की आता खूण करायला हरकत नाही. कोणी करू नये. ते काम माझे होते.

वरील मजकूर मी लिहिला, मोठ्याने तीनदा वाचला आणि साक्षीदारांसमोर सही केली. साक्षीदारांना पाचवे कलम झाकून दाखवले आहे.

सही: पुस्तकबांधणीवाला, ऊर्फ रकानेकाका

साक्षीदार पहिले: खालच्या मजल्यावरचे शिंपीबुवा (सही)
साक्षीदार दुसऱ्या: डॉक्टरीणबाई (सही)

ठिकाण: राहते घर, पुढची खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ९ मार्च, सोमवार