नवसाचं केस

३ फेब्रुवारी १९७४

माज्या हिराला बघाया सोमाटण्याचा नवसू आला. मानंवर केस! मी म्हनलं, "पाव्हनं, पोरगी बघाया आला का सोताला दाखवाया?" त्येचा मामा श्रीपती घाईघाईनं बोलला, "मावशी, नवसाचं हायेत. एकवीरेला बोललोय." मी जीभ चावली. त्या केसांना हात लावून कपाळाला लावला.

हिरा लगीच व्हय म्हनली! आदी दोघांना नाकारलेलं. बाविसावं सरलं, पाव्हनं येयाचं बंद झालेलं. आज निवांत भाकर खाल्ली.

१० फेब्रुवारी

शी शी शी! अंबूबाई — चिक्कीच्या कारखान्यात माज्याशेजारी शेंगा निवडती ती — लोणावळ्याला पिच्चरला घिऊन गेली. दर रविवारी त्योच पिच्चर, वरीस झालं म्हनं. त्यात एक रॉक का काय म्हनत्यात त्ये गानारा. नाव काय तर जोजो! आमी पाळन्याम्होरं म्हनतो त्ये. पन ह्यो झोपवतोय कुटं! बटनं बेंबीपातूर उघडी, घामाच्या धारा, डुक्कर धरल्यावानी वरडनं. थेटरातली पोरं त्येचं बोलनं त्येच्या आदी म्हनत्यात!

आन म्होरल्या रांगंत, बाकड्यावर हुबं ऱ्हाऊन मुंडी झटकतंय कोन — नवसू! जोजोवानीच मानंवर केस. तस्साच भांग.

देवीच्या नावावर ह्ये थेर! आन मी हात लावून कपाळाला लावला! घरी येऊन दोनदा तोंड धुतलं.

११ फेब्रुवारी

सकाळी उठून परत तोंड धुतलं.

१३ फेब्रुवारी

सोमाटण्याला ग्येले. समद्यांम्होरं इचारलं, "कोनाचा नवस रं? एकवीरेचा का जोजोचा?" श्रीपती भुई उकरतोय पायानं. नवसू म्हनला, "मावशी, मामा खोटं बोलला. मी न्हाई."

"तू गप बसलास, त्ये काय?"

"हिरा आवडली हुती."

एवढं एक बरं बोलला. पन मी सोडती व्हय! "रविवारपातूर केस उतरव, न्हाईतर सोयरीक मोडली. मला जावई पायजे, जोजो न्हाई."

घरी हिराला सांगितलं. भांडी घाशीत ऱ्हायली.

१७ फेब्रुवारी

नवसू आला. कान उगडं, मान सोललेल्या कोंबडीवानी. लय बरं वाटलं! हिरानं दारातनं बघितलं आन आत पळाली. लाजली म्हनून मागनं ग्येले, तर रडतीया.

"आई, सात डाव बघितलाय मी त्यो पिच्चर. त्या केसापायीच व्हय म्हनले हुते."

बाहीर येऊन नवसूला म्हनलं, "बाबा, जरा मागं वळ. बघू, केस किती उरल्यात."