मृत्यूचा पुरावा तेवढा राहिला

ता. ४ जून

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू अजूनही फोनला हात लावत नाहीस, म्हणून पुन्हा पत्रच. माणूस गेल्यावर ऐकू आलेल्या आवाजांवर मी पुस्तक लिहितेय, त्याचं पहिलं प्रकरण तुझ्या टाचणीचं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी, तिथल्या आगीत गेलेली, जिला तुम्ही टाचणी म्हणायचा ती तुझी मैत्रीण. आणि पुढे नव्या घरी फोन उचलल्यावर, ट्रंक कॉल आहे, बोला, एवढंच म्हणणारा तिचा आवाज.

मी सगळं तपासलं. एका तारेतलं बोलणं दुसरीत घुसतं का, हे निवृत्त लाइनमनला विचारलं. बाबांनाही वेगळं बसवून विचारलं. ते म्हणाले, मला काही ऐकू आलं नाही, पण आत्या किंचाळली आणि पांढरीफटक पडली. तरी संपादकबाईंनी पानाच्या कडेला लिहिलंय, मृत्यूचा पुरावा कुठे आहे? आवाजामागे मी इतके महिने धावले आणि मृत्यू तपासायचा राहूनच गेला. घरात सगळ्यांना ठाऊक होतं ना, म्हणून.

रागावू नकोस, पण ती गेली हे तुला कुणी सांगितलं? तू तिला शेवटचं पाहिलंस का?

आगाऊपणा पोटात घाल आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी भाची


ता. ११ जून

चि. शंकासुरास,
अ. उ. आ.

मेलेल्या माणसाच्या मरणाचा पुरावा मागणारी जगात तूच एक. पण दोष तरी कुणाला देऊ? शाळेत जाण्याआधी तुला अक्षरं शिकवली ती अण्णांनी. तू काहीही सांगत आलीस की आधी विचारायचे, पाहिलंस की ऐकलंस? आजोबांचा तो प्रश्न आज नात मला विचारते.

तर, ऐकलं. आगीच्या दिवशी माझी सुट्टी होती. अण्णा हॉस्पिटलात जाऊन आले आणि म्हणाले, ती गेली, बघण्यासारखं काही उरलेलं नाही. आम्ही दोघींनी मोठ्या शहरात बदली मागितली होती, मिळून राहायला खोलीही बघून ठेवली होती. अण्णांना ते पसंत नव्हतं, पण त्यानंतर त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. माझा राजीनामा स्वतः नेऊन दिला आणि आम्हाला घेऊन गाव सोडलं. पुढे तो आवाज दोन-तीनदा आला, तेव्हा माझी अवस्था बघून घरातला फोनच काढून टाकला. एवढं कुठला बाप करतो?

माझ्या वडिलांचा शब्द हाच पुरावा, असं तुझ्या बाईंना कळव. तेवढ्याने समाधान झालं नाही, तर आमच्या सुपरवायझरबाई अजून त्याच घरी असतील, त्यांना विचार. वेळेवर जेवत जा.

आशीर्वाद देऊन दमलेली,
आत्या


ता. २० जून

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी खाली बस. कुणाला तरी जवळ बोलाव.

सुपरवायझरबाईंकडे गेले. आवाज हळू करून विचारलं, टाचणीचं शेवटी काय झालं? त्या चष्मा पुसत म्हणाल्या, शेवटी म्हणजे, गेल्या महिन्यात मोतीबिंदू काढला, आता सुईत दोरा ओवते. मला वाटलं, बाईंचं वय झालंय. तर त्यांनी पत्ता लिहून दिला.

दार तिनेच उघडलं. उजव्या गालावर भाजल्याचा व्रण आहे. माझी खोड तुला माहीत आहे, मी तिथेही तपासलं. सुपरवायझरबाईंची नक्कल करताना तू खुर्चीवरून कशी पडलीस, ते तिने मला करून दाखवलं. मग मी तिथेच खाली बसले.

ती म्हणाली, अण्णा हॉस्पिटलात येऊन सांगून गेले की तुला तिचा चेहरा बघवणार नाही, तिने पत्रही लिहू नये. मोठ्या शहरात ती एकटीच गेली. तुमचा नंबर शोधून जेवणाच्या सुट्टीत स्वतःच जोडायची. बरंच बोलायचं ठरवलेलं असे, तोंडातून निघे ते रोजचंच वाक्य. तू किंचाळायचीस. तिला वाटलं, अण्णा म्हणाले ते खरंच आहे. मग एक दिवस नंबरच बंद झाला.

आत्या, तू ऐकलंस ते खरं होतं. तेवढंच खरं होतं.

ज्यांनी मला तपासायला शिकवलं, त्यांचंच मी तपासलं नाही. प्रकरण काढून टाकू का? की मृत्यूची चुकीची बातमी पसरली, एवढंच लिहून अण्णांना वाचवू? बाबांना अजून सांगितलेलं नाही. तू म्हणशील तसं करीन.

मला दूर लोटू नकोस.

तुझी भाची


ता. २७ जून

चि. शंकासुरास,

आज आशीर्वाद सुचत नाही, तो धरून चाल.

पत्र वाचलं आणि अण्णांच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिले. रडू आलं नाही, राग आला नाही. तिच्या नावाने मी इतकी वर्षं रडले, आणि ती तिकडे भाजी आणत होती, कपडे वाळत घालत होती. मी भीतीने किंचाळले, ती समजली किळस. बाकी सगळं कदाचित उतरेल गं, हे घशातून उतरत नाही.

रविवारी तिच्याकडे जातेय. तू येऊ नकोस, टिपणं काढत बसशील. तुझ्या बाबांना मी सांगेन.

प्रकरण काढू नकोस. बातमी पसरली असंही लिहू नकोस, बातमी आपोआप पसरत नाही. माझ्या वडिलांनी माझ्याशी खोटं बोलून माझी मैत्रीण मारली, असं लिही. आणि हे कोण म्हणतं, असं तुझ्या बाईंनी विचारलं, तर माझं नाव घाल, पूर्ण.

माया आहे. ती तेवढी तपासू नकोस.

तुझी,
आत्या