भिंतीपासून चार बोटं

बाई, टेबलावर रेलून बोलणारा वक्ता तुम्हाला सहन होत नसे, मलाही होत नाही. म्हणून हे आधी तुम्हालाच सांगतो: माझी पाठ आता सरळ होत नाही.

कल्याणच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धेआधी तुम्ही आम्हाला वर्गाच्या मागच्या भिंतीला उभं करायचात. टाचा, पाठ, डोकं, तिन्ही भिंतीला लागलं पाहिजे, मगच भाषण. नववीत मी एकदा पोक काढून उभा राहिलो, तर अख्ख्या वर्गासमोर म्हणालात, "पाठ वाकली की शब्द लाचार होतात. पुन्हा उभा राहा." त्या एका वाक्याच्या जोरावर मी तीस वर्षं सभा गाजवल्या, गिरणीच्या गेटवर, चाळींच्या चौकात. कुणापुढे वाकू नका, असं मी सांगायचो आणि लोक टाळ्या वाजवायचे.

आजार त्या सभांच्या सुरुवातीलाच आत शिरला असावा. विशीत सकाळी कंबर लाकडासारखी आखडायची, चाललो की सुटायची. गादी वाईट, बसायची सवय वाईट, असं सगळे सांगत राहिले, मीही ऐकत राहिलो. नाव कळेपर्यंत नऊ वर्षं गेली. मणक्याच्या सांध्यांना सूज येते आणि हळूहळू हाड हाडाला चिकटत जातं. काही आठवडे बरे जातात. मग एखाद्या सकाळी दुखणं असं उसळतं की कूस बदलायला बायकोला हाक मारावी लागते, शिंक आली तर बरगड्या धराव्या लागतात, आणि रात्रभर झोपूनही मी दमलेलाच उठतो. दुपारी तोच मी रिक्षातून उतरताना दिसलो की शेजारी म्हणतात, "आता बरे दिसताय की." ते ऐकून मला रडावंसं वाटतं.

डॉक्टरांनी पहिल्यांदा तपासताना काय केलं, सांगू? भिंतीला उभं केलं. टाचा लावा, पाठ लावा, आता डोकं. डोकं लागेना. त्यांनी पट्टी घेऊन मधली जागा मोजली. मला तुमचा वर्ग आठवला आणि मी माफी मागितली. कशाची, ते डॉक्टरांना कळलं नाही.

आता रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या भिंतीला उभा राहतो. तिथे माझ्या डोक्याच्या तेलाचा जुना डाग आहे, पण डोकं तिथवर पोचत नाही. बायको मध्ये हात घालते आणि म्हणते, "तीनच बोटं आहेत हो, कालच्याइतकीच." चार आहेत. ती करंगळी दुमडून घेते, ते मला जाणवतं.

येत्या रविवारी वर्तकनगरला जुन्या वसाहतीतल्या रहिवाशांची सभा आहे. घरं रिकामी करायचा तगादा लागलाय आणि बोलायला त्यांना मीच हवा आहे. त्यांचा सेक्रेटरी घरी आला, माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, स्टेजवर खुर्ची टाकतो. बसून बोला ना, कोण काय म्हणणारे?" मी गावाला चाललोय असं सांगून टाकलं. खोटं. मी कुठेही जात नाहीये, पाठीला उशी लावून हे लिहितोय.

अजून एक आहे, ते कुणालाच सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी डोंबिवलीला एका स्पर्धेत मी परीक्षक होतो. एका मुलीनं आधीच विचारलं, "सर, पाठ दुखतेय, बसून बोलले तर चालेल?" मी होकारार्थी मान हलवली. ती बसून सगळ्यांत चांगलं बोलली. तिला उभं राहण्याचे गुण मी शून्य दिले, बक्षीस गेलं. बाकीच्या परीक्षकांना तुमचा नियम सांगितला. खरं कारण तो नियम नव्हता, बाई. ती जे इतक्या सहज मागू शकली, ते मला कधी मागता आलं नाही.

हा कागद कुठे धाडायचा नाही, तरी एक मागतो. रविवारच्या आत, स्वप्नात का होईना, एकदा माझ्यासमोर उभ्या राहा आणि म्हणा: बस, आणि बोल.