नाव बदलले आहे

४ फेब्रुवारी, मंगळवार

हो म्हणून बसलो! डॉक्टरीणबाईंनी नुसतं विचारलं होतं. पेपरवाल्यांना खाण्याच्या आजारांवर लेख करायचाय, नाव छापणार नाहीत, बोलाल का? नको वाटलं तर सरळ नाही म्हणा. आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं.

खरं कारण इथे लिहितो. हिला, बायकोला, सांगायचंय. अकरा वर्षं सांगायचंय. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायच्या, सुटलो की कंपनीची व्हॅन गल्लीच्या तोंडाशी लावायची आणि अर्धा तास आत बसून खात राहायचं. भूक नसते. चवही लागत नाही. पोट दुखायला लागलं तरी हात थांबत नाही. मग तोंड पुसून घरी, आणि हिच्यासमोर पुन्हा जेवण — नको म्हटलं तर का ते सांगावं लागेल. डॉक्टरीणबाईंकडे तीन महिने जातोय, तेही 'गुडघ्यासाठी' म्हणून!

सांगायला गेलो की भलतंच काहीतरी बोलून मोकळा होतो. छापून आलं तर पेपर हिच्या पुढ्यात ठेवेन. म्हणेन, वाच. हा मी.

७ फेब्रुवारी

पेपरची बाई भेटली. तिशीची असेल. मला बघून आधी माझ्यामागे दाराकडे बघितलं, अजून कुणी येतंय का म्हणून.

'पेशंट तुम्हीच?'

मीच!

पण ऐकलं छान. मधे तोडलं नाही. व्हॅनचं सांगितलं. कामावर मला 'ओव्हरलोड' म्हणतात तेही सांगितलं — मी लिफ्टमध्ये शिरलो की सगळे मिळून तोंडाने बझर वाजवतात, आणि सगळ्यांत मोठ्याने मीच हसतो. हे लिहून घेताना तिचं पेन जरा थांबलं.

फोटोग्राफर मात्र वैतागला. माझा पाठमोरा फोटो दोनदा काढला, कॅमेऱ्यात बघितला आणि तिला हळूच म्हणाला (माझे कान तिखट आहेत), 'यात आजारी काय दिसतंय?'

१२ फेब्रुवारी

आज व्हॅनमध्ये बसलो नाही. सरळ घरी.

१३ फेब्रुवारी

बसलो.

१६ फेब्रुवारी, रविवार

आला लेख. आख्खं पान.

जिन्यातच उघडला. वर हा मोठा फोटो. विशीतली मुलगी, हाडं मोजून घ्यावीत अशी, आरशापुढे टेप घेऊन उभी. मथळा — 'सौंदर्याच्या हव्यासाचे बळी!'

हव्यास? मी आरशात बघतो तो दाढीपुरता.

एकदा वाचलं, मी कुठेच नाही. दुसऱ्यांदा वाचलं आणि घाम फुटला. होतो की! कुठलंसं गोड नाव, पुढे कंसात 'नाव बदलले आहे', वय बावीस. कॉलेजातून येते, गाडीत बसून बिस्किटांचे पुडे खाते, घरी आईसमोर पुन्हा जेवते. वाक्यं माझी. शब्दन् शब्द माझा.

नाव बदललं तर बदला हो! वय बदललं, धंदा बदलला, बाईचा जन्म दिला! तीन महिन्यांत डॉक्टरीणबाईंना जमलं नाही तेवढं वजन यांनी एका पानात उतरवलं!

आता हिच्या पुढ्यात काय ठेवू? पेपर घडी करून चपलांच्या कपाटावर टाकला.

१७ फेब्रुवारी

हिनेच उचलला. भाजी निवडता निवडता मोठ्याने वाचायला लागली. 'कसल्या या मुली! घरात सगळं मिळतंय आणि ही असली थेरं. पण ही एक वेगळीच दिसते बाई. भूक नाही तरी खाते, वर घरी येऊन परत जेवते. अहो, पोट फुटत नसेल का?'

'फुटतं,' मी म्हणालो.

ही पुढची ओळ वाचायला गेली आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. पेपरकडे. परत माझ्याकडे.

'बावीसची नाहीये ती,' मी म्हणालो. 'सत्तेचाळीसची आहे. व्हॅनमध्ये बसते.'

हातातली शेंग खाली ठेवली. मग रडायला लागली, आणि रडता रडता हसायला. 'रोज अर्धा तास उशीर! मला वाटायचं तुमचं बाहेर काहीतरी आहे. इतकी वर्षं सवतीच्या नावाने बोटं मोडतेय, आणि सवत निघाली बिस्किटांचे पुडे!'

मग हसू गेलं.

'सांगायचं होतंत.'

'तू विचारायचं होतंस.'

'भीती वाटायची,' ही म्हणाली.

मलाही.

१९ फेब्रुवारी

ही संपादकांना पत्र लिहितेय! पहिलंच वाक्य — 'तुमच्या लेखातली मुलगी माझा नवरा आहे.' म्हटलं, खोड ते, लोक हसतील. म्हणाली, 'हसू देत. हसले तरी वाचतील.'

मी खोडलं नाही. पत्र मीच पेटीत टाकलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

छापलं. शब्दकोड्याखाली, दोन ओळी. 'लठ्ठ पुरुषांनाही असा त्रास होऊ शकतो, असे एका भगिनीचे मत आहे.'

मत!

२४ फेब्रुवारी

डब्याच्या वेळी मुकादमाने ते वाचून दाखवलं. 'ओव्हरलोड, बघ, तुझ्यासाठीही आजार निघाला!' सगळे खो खो हसले. मी हसलो नाही. मुद्दाम नाही, हसूच आलं नाही. एकेक जण आपापल्या डब्यात बघायला लागला.

सुटल्यावर व्हॅनमध्ये बसलो. खाल्लं. घरी आल्या आल्या हिला सांगितलं. ही म्हणाली, 'बरं. मग आता जेवायला वाढत नाही.' एवढंच. किती सोपं होतं!

४ मार्च, मंगळवार

आज ही बरोबर आली दवाखान्यात. बाहेरच्या बाकावर पेपरची बाई! माझं डोकंच फिरलं. तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, 'आज कुणाला बदलायला आलात?'

तिने मान वर केली. डोळे सुजलेले.

'कुणाला नाही,' म्हणाली. 'तुमच्यानंतर माझा नंबर आहे.'