गोड्या पाण्याच्या खाली

१ फेब्रु., बुदैया
झाडांना पाणी सोडण्याआधी ओंजळभर चाखलं. कोकणातल्या गावची सवय, इथे आखातातही सुटली नाही. मचूळ. गेल्या वर्षी एवढं नव्हतं. लिंबांची पानं कडेने करपलीत. बागेचा मालक हज्जी म्हणाला, पाऊस कमी, समुद्र चढतोय, विहीर म्हातारी झाली. त्याचे आजोबा म्हणे बुडी मारून समुद्राच्या तळातून गोडं पाणी भरून आणायचे. तिथे झरे होते. दिवसभर तेच डोक्यात.
मी कोयीपासून वाढवलेल्या आंब्याला पहिला मोहर.

४ फेब्रु.
विहीर आटली की आणखी खाली जायचं, आम्हा कोकणातल्यांना एवढंच ठाऊक. हज्जीला म्हटलं, मोटर खाली सोडू. "यल्ला," म्हणाला, म्हणजे चल, कर. दोन पाइप जोडले. मनामाच्या बाजारातून नारळ आणून विहिरीवर फोडला. धो धो पाणी. फोनवर बायकोला दाखवलं. "आंब्याक आधी घाल," म्हणाली. घातलं, पोटभर.

८ फेब्रु.
विहिरीचं पाणी नुसतं मीठ. हज्जीचा मुलगा युसुफ म्हणाला, "नीचे समुंदर है भाई. मीठा पानी उसके ऊपर रहता है. तुम नीचे से खींचा."
आधी हसलो. मग पुन्हा चाखलं. आमच्याकडे समुद्र डोंगरापलीकडे. इथे पायाखाली, आणि मी इतकी वर्षं त्याच्यावर आळी करत होतो. मोटर वर घेतली. मोहर गळतोय. मीच पाजलं त्याला.

१० फेब्रु.
दुपारी झाडाखाली डोळा लागला. समुद्राच्या तळाशी चालत होतो, हातात आईची कळशी. वाळूतून पाणी उकळ्या मारत वर येत होतं, थंड, गोड. भरली. वर येईस्तोवर...
उठलो तर ओठ खारट. घाम.

१३ फेब्रु.
युसुफ म्हणतो, उन्हाळ्यापर्यंत बघू, नाहीतर झाडं काढून व्हिला बांधू. मग माझा व्हिसाही खलास.  हज्जी मला रागावला असता तर बरं वाटलं असतं. नमाजाआधी हातपाय धुवायला तो हल्ली नळाचं पाणी घेऊन आंब्याच्या आळ्यात बसतो. तेही समुद्राचंच, कारखान्यात गोडं केलेलं.

१६ फेब्रु.
एक कैरी धरलीय. मसुराएवढी. बायकोला सांगितलं नाही अजून.
आज धीर करून विहिरीचं चाखलं. खारटपणा उतरलाय की माझी जीभ सरावलीय, कळेना. हज्जीपुढे तांब्या धरला. त्याने घोट घेतला, डोळे मिटले. बराच वेळ गिळलाच नाही. मग गिळला, आणि उरलेलं आंब्याच्या आळ्यात ओतलं.