पट्ट्याला हात लावल्याशिवाय नाही

प्रिय छोटू,

कामावर तू साहेब असशील, पण हे पत्र घरच्या पत्त्यावर टाकलंय, तेव्हा साहेबगिरी बाजूला ठेव आणि ताईचं नीट वाच. तुझी नोटीस मिळाली. हेलिकॉप्टरमधून माणूस तारेवर खाली सोडण्याआधी मी त्याच्या अंगावरचा पट्टा हाताने ओढून बघते, त्यात चाळीस सेकंद जातात. यापुढे नुसतं डोळ्यांनी पाहायचं, तसं सही करून कळवायचं, नाहीतर विंचवरून, म्हणजे तार सोडायच्या यंत्रावरून, मला हटवणार. वाचून डोकंच फिरलं माझं.

मंगळवारचं तुला अर्धंच कळलंय. खाली मालवाहू जहाजाच्या डेकवर छातीत कळा येणारा स्वयंपाकी, वर वाऱ्याने हेलकावणारे आम्ही, आणि पायलट माझ्या नावाने खडे फोडतोय. दारात लंबू बसलेला. बारा वर्षं आमच्या तारेवर उतरणारा गडी! त्याचं बक्कल बंद दिसत होतं. दिसत होतं, बरं का! ओढलं तर पट्टा सुळकन माझ्या हातात आला. घाईत त्याने टोक नुसतंच झाकणाखाली खोचलं होतं. लंबू पांढराफटक पडला. पुन्हा बांधलं, पुन्हा ओढलं, मगच सोडला त्याला. स्वयंपाकी वाचला. तुझ्या नोटिशीत मात्र ‘उशीर’ एवढंच आलं.

मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. पहिल्या वर्षी मीही हात न लावता ‘तपासलं’ म्हणून मोकळी व्हायचे. कोणी गेलं नाही, हे नशीब. आता नशिबाच्या भरवशावर मी कुणालाही सोडणार नाही. सही करणार नाही, माफी तर मुळीच मागणार नाही. हटवायचं तर खुशाल हटव.

आता खरं काय ते सांगते. तुझी लेक किनाऱ्यावरच्या दवाखान्यात नोकरीला आहे असं तू समजतोस ना? चार महिन्यांपूर्वी तिने तारेवर उतरायची परीक्षा दिली, पास झाली. तू नाही म्हणशील म्हणून लपवलं, आणि आत्याने साथ दिली. त्याबद्दल मला हवं तेवढं बोल. तिला विचारूनच हे लिहितेय. सोमवारी ती पहिल्यांदा समुद्रावर उतरणार आहे, माझ्याच दारातून. मी तिचा पट्टा दोनदा ओढणार. त्याआधी मला हटवलंस, तर माझ्या जागी जो बसेल तो तुझा हुकूम पाळेल आणि तुझ्या पोरीकडे नुसतं पाहील.

तुझीच,
हट्टी ताई